साइट जुळवूनही बाण पुन्हा पुन्हा का सरकतात? शिकारीच्या धनुष्यासाठी पीप, पिन आणि पाणसळ निवडताना

परसात वीस यार्डांवर साइट, म्हणजे धनुष्यावरचे नेम धरण्याचे साधन, नीट जुळवून ठेवावी आणि आठवडाभराने तेच धनुष्य त्याच अंतरावर दोन इंच डावीकडे मारू लागावे, ही कंपाउंड धनुष्य वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. यावर बहुतेक जण ॲलन की हातात घेऊन पिन, म्हणजे साइटमधील नेमाचा ठिपका, पुन्हा सरकवतात, आणि असे दोन-तीनदा झाले की साइटच वाईट आहे असे ठरवून अधिक महागडी साइट विकत आणतात. नवी साइट बसवल्यावर पहिले काही दिवस सर्व ठीक चालते, कारण ती बसवताना सगळीच जुळवणी नव्याने झालेली असते, आणि मग तोच दोष परत डोके वर काढतो. माझ्या मते या दोषात पिनचा वाटा सर्वांत कमी असतो. डोळा, पीप (दोरीत बसवलेली, आरपार पाहण्याची कडी), पिन आणि लक्ष्य या साखळीतील दुसरीच एखादी कडी हललेली असते आणि आपण मात्र जी हलवायला सर्वांत सोपी तीच हलवत बसतो.

हा मजकूर अमेरिकेत, विशेषतः पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांत, हरणाच्या धनुष्य-हंगामासाठी परवाना काढणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये शिकारीस बंदी असल्यामुळे आपल्याकडे कंपाउंड धनुष्य दिसते ते मैदानावरील तिरंदाजांच्या हातात. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली ती याच प्रकारच्या धनुष्याने. पण ५० मीटर या ठरलेल्या अंतरावर, भरपूर उजेडात आणि सपाट जमिनीवर उभे राहून. तिरंदाजीच्या मैदानावरून शिकारीकडे वळलेला माणूस त्या खेळाडूंसारखी बारीक छिद्राची पीप आणि भिंगाचा स्कोप तसाच जंगलात घेऊन जातो, तेव्हा पहाटेच्या अंधूक प्रकाशात त्याला समोर काहीच दिसत नाही. साधन उत्तम असते. काम निराळे असते.

आधी चुकीची जात ओळखावी

कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी जाड पुठ्ठ्यावर रंगीत चिकटपट्टीची एक उभी रेघ ओळंब्याने तपासून चिकटवावी आणि तिच्यावर २०, ४० व जमल्यास ६० यार्डांवरून, त्या त्या अंतराच्या पिनने, सहा-सहा बाण सोडावेत. पाती नसलेल्या टोकाचे सरावाचे बाण वापरावेत आणि दमल्यावर चाचणी करू नये. बाण रेघेच्या दोन्ही बाजूंना विखुरले असतील तर जुळवणीत दोष नाही. प्रत्येक बाणागणिक काहीतरी बदलते आहे, आणि ते बहुधा अँकर असते, म्हणजे दोरी खेचलेल्या हाताची जबड्याशी टेकण्याची जागा, नाहीतर मुठीची पकड असते. बाण एकमेकांजवळ पडत असतील पण सगळा झुबका एका बाजूला गेला असेल आणि ती चूक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, म्हणजे वीसला एक इंच आणि चाळीसला दोन इंच, तर एखादा भाग जागेवरून सरकला आहे: पीप, बाण-टेकण अर्थात रेस्ट, किंवा साइटचा एखादा सैल स्क्रू. आणि वीसला झुबका रेघेच्या अगदी जवळ असून चाळीसला स्पष्ट आणि साठला डोळ्यांत भरण्याइतका दूर जात असेल, तर धनुष्य कललेले आहे किंवा साइटमधील पाणसळ खोटे सांगते आहे असे प्रथम समजावे.

या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पाच पिनांऐवजी सात पिनांची साइट घेतल्याने अँकर स्थिर होत नाही, आणि उत्तम पीप बसवल्याने कललेले धनुष्य सरळ होत नाही. चाचणीआधी साइट, रेस्ट आणि त्यांचे कंस घट्ट आहेत का हे मात्र हाताने हलवून पाहावे. धनुष्याच्या कंपनाने स्क्रू सैल होतात. त्यांवर पुन्हा उघडता येणारा निळा थ्रेडलॉकर (स्क्रू घट्ट धरणारा द्रव) लावावा आणि स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाणारी पांढऱ्या पेनची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली की शोध तिथेच संपतो.

पीप: सरकणे, वळणे आणि आकार

पीप म्हणजे दोरीच्या धाग्यांमध्ये बसवलेली लहानशी कडी. पूर्ण खेचलेल्या अवस्थेत तिच्यातून पाहिले असता साइटचे गोल घर, म्हणजे पिनांभोवतीचे कडे, मध्यभागी दिसावे एवढेच तिचे काम आहे, परंतु ती ज्या दोरीत बसते ती दोरी जिवंत वस्तूसारखी वागते. नव्या दोरीचे धागे पहिल्या काहीशे बाणांत बसतात, दोरी किंचित लांबते आणि तिला दिलेला पीळ थोडा उलगडतो. उन्हात तापलेल्या बंद गाडीत धनुष्य राहिले तरी दोरी अशीच ताणली जाऊ शकते. परिणामी पीप वर-खाली सरकते किंवा आपल्या अक्षाभोवती वळते.

वळलेली पीप ओळखणे सोपे आहे. पूर्ण खेचल्यावर छिद्र गोल न दिसता लांबट, माशाच्या डोळ्यासारखे दिसते आणि एका कडेला अंधार येतो. अशा वेळी तिरंदाज नकळत मान वळवून अधिक प्रकाश शोधतो, मान वळली की अँकर बदलतो, आणि बाण बाजूला जातो. पिन सरकवून हा दोष झाकला तर दोरी पुढच्या आठवड्यात आणखी थोडी वळल्यावर तो पुन्हा उघडा पडतो. वळण अल्प असेल तर दोरीवरील डी-लूप (दोरी खेचण्यासाठी बांधलेला लहान फासा) किंचित फिरवून भागते. जास्त असेल तर पीपच्या एका बाजूचा धागा दुसऱ्या बाजूला घ्यावा लागतो किंवा दोरीला अर्धा पीळ वाढवावा लागतो. हे काम धनुष्य प्रेसमध्ये, म्हणजे ते दाबून दोरी सैल करणाऱ्या साधनात, दाबल्याशिवाय करू नये आणि प्रेसची सवय नसेल तर दुकानातच करून घ्यावे, कारण आजच्या धनुष्यांचे लिंब, म्हणजे वाकणारे दोन हात, फार ताणलेले असतात.

रबरी नळीची पीप हा या दोषावरचा जुना इलाज आहे. नळीचे एक टोक पीपला आणि दुसरे केबलला जोडलेले असल्यामुळे दोरी खेचताच पीप आपोआप डोळ्याकडे वळते. तिचा थोडा आवाज होतो, बाणाचा वेग किंचित कमी होतो, आणि रबर जुने झाले की ते ऐन वेळी तुटून गालावर फटका बसतो. जाणकार मंडळी हिला नवशिक्यांची पीप म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. वर्षातून महिना-दीड महिनाच धनुष्य हाती घेणाऱ्या आणि जवळपास चांगले दुकान नसणाऱ्या माणसाने दरवर्षी नळी बदलण्याची शिस्त पाळली तर त्याला हीच पीप सर्वांत कमी त्रास देईल.

पीपची उंची ठरवताना डोळे मिटून, बाण लावून, समोर सुरक्षित लक्ष्य असताना दोरी पूर्ण खेचावी, नेहमीप्रमाणे हात जबड्याशी स्थिर करावा आणि मग डोळे उघडावेत. डोळे उघडताच साइटचे घर पीपच्या मध्यात दिसले पाहिजे. ते पाहण्यासाठी मान खाली वा वर न्यावी लागत असेल तर पीप हलवावी, मान हलवू नये. जागा निश्चित झाली की बाण अडकवण्याच्या बिंदूपासून पीपच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून ते खालच्या लिंबावर चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. हे अंतर एवढे महत्त्वाचे का, ते हिशोबाने पाहावे. पीपपासून पिनपर्यंतचे अंतर साधारण ३० इंच असते आणि वीस यार्ड म्हणजे ७२० इंच, म्हणजे चोवीस पट. पीप इंचाचा सोळावा भाग सरकली तर वीस यार्डांवर बाण दीड इंच आणि चाळीसवर तीन इंच हलतो. सोळावा भाग डोळ्यांना जाणवतही नाही. टेपने मोजल्यावरच कळतो.

छिद्राच्या आकाराबाबत शिकारीसाठी ३/१६ आणि १/४ इंच ही दोन मापे सर्वाधिक चालतात. यांतील कोणते घ्यावे हे साइटच्या घराच्या व्यासावर ठरते: पीपच्या गोल कडेत साइटचे रंगीत कडे बसून सभोवती प्रकाशाची एक बारीक, सारख्या जाडीची रेघ राहावी. रेघ फार जाड राहिली तर घर पीपमध्ये तरंगते आणि मध्य चुकतो. मुळीच राहिली नाही तर घराचा एखादा काठ झाकला गेला तरी समजत नाही. लहान छिद्राने पिन व लक्ष्य दोन्ही अधिक रेखीव दिसतात हे खरे, पण प्रकाश तेवढाच कमी होतो. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास सुरू होऊन सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, आणि हरणे नेमकी त्याच कडांच्या वेळी हलतात. म्हणून पीपचा आकार दुपारी परसात ठरवू नये. संध्याकाळी झाडांच्या सावलीत, शेवटच्या अर्ध्या तासात ठरवावा.

चाळिशी लागलेल्यांची अडचण निराळी असते: त्यांना लक्ष्य स्पष्ट दिसते पण पिन फुटल्यासारखी दिसते. पीपमध्ये बसणारे व्हेरिफायर भिंग पिन रेखीव करते. स्कोपला भिंग असेल तर लक्ष्य स्पष्ट करण्यासाठी क्लॅरिफायर लागते. ही दोन्ही एकाच डबीतून उचलली जातात आणि अदलाबदल झाली की चित्र आणखी बिघडते. शिवाय पावसाचा एक थेंब किंवा श्वासाची वाफ बसली की भिंग निकामी होते, त्यामुळे शिकारीत मी ते शेवटचा उपाय मानतो.

पीप अजिबात नको असणाऱ्यांसाठी साइटवरच बसणारे, हिरव्या वर्तुळात काळा ठिपका दाखवणारे जुळवणी-साधन मिळते. अँकर बदलला की ठिपका मध्यावरून सरकतो आणि चूक बाण सुटण्याआधीच दिसते. अंधूक प्रकाशात पीपच्या अंधारी छिद्रातून पाहावे लागत नाही हा त्याचा मोठा लाभ. सराव तुटक असणाऱ्याला ते शिक्षकासारखे उपयोगी पडते. मात्र ठिपका, पिन, पाणसळ आणि हरीण अशा चार गोष्टींवर एका श्वासात नजर फिरवणे सर्वांना जमत नाही.

कललेले धनुष्य आणि खोटी पाणसळ

उताराच्या जमिनीवर उभे राहिल्यास शरीर आपोआप तोल सांभाळते आणि धनुष्य काही अंश कलते. जवळच्या लक्ष्यावर याचा परिणाम इतका कमी असतो की वर्षानुवर्षे तो लक्षात येत नाही. बाण नेहमी थोडा वर रोखलेला असतो, कारण तो वाटेत खाली पडतो. धनुष्य कलले की तो ‘वर’ थोडा बाजूलाही वळतो. सेकंदाला २८० फूट वेगाचा बाण वीस यार्डांत सुमारे नऊ इंच, चाळीस यार्डांत तीन फुटांच्या जवळपास आणि साठ यार्डांत साडेसहा फुटांहून अधिक पडतो. तीन अंशांचा कल असेल तर या पडण्याचा सुमारे विसावा भाग बाजूला जातो: वीसला अर्धा इंच, चाळीसला जवळजवळ दोन इंच, साठला चार इंच. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते, आणि उभ्या रेघेवरील चाचणीत हाच ठसा शोधायचा असतो. धनुष्याचे वरचे टोक ज्या बाजूला कलते त्याच बाजूला बाण जातात.

यासाठी साइटच्या घरात तळाशी पाणसळ असते. ती नसलेली साइट, किंमत कितीही कमी असली तरी, घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण पाणसळ असणे पुरेसे नाही. ती धनुष्याशी काटकोनात बसवलेली असली पाहिजे, आणि कारखान्यातून आलेल्या साइटवर तसे गृहीत धरू नये. धनुष्य शिकंज्यात उभे धरून दोरीशेजारी ओळंबा सोडावा. दोरी ओळंब्याशी समांतर झाली की पिनांची उभी रांगही समांतर आहे का ते पाहावे. नसेल तर आधी साइटची सरकपट्टी सरळ करावी. त्यानंतर पाणसळीतला बुडबुडा मध्यात आहे का पाहावा आणि नसेल तर दुसऱ्या अक्षाचा (घर डावी-उजवीकडे कलवणारा) स्क्रू सैल करून तो मध्यात आणावा. हा क्रम उलटा करू नये. वाकड्या पट्टीवर सरळ केलेला बुडबुडा दर अंतराला वेगळी चूक देतो.

तिसऱ्या अक्षाचा प्रश्न चढ-उतारावर येतो. साइटचे घर बिजागरीच्या दारासारखे किंचित आत वा बाहेर वळलेले असेल, तर सपाट जमिनीवर बुडबुडा खरे सांगतो, पण धनुष्य खाली किंवा वर रोखताच तो कल नसताना कल दाखवतो आणि आपण सरळ धनुष्य वाकडे करतो. घर तीन अंशांनी वळलेले असताना तीस अंश खाली नेम धरला तर सुमारे दीड अंशाचा खोटा कल निर्माण होतो, म्हणजे चाळीस यार्डांवर इंचभर. विस्कॉन्सिनच्या सपाट रानात वीस यार्डांच्या आत बाण सोडणाऱ्याने यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. कोलोरॅडोच्या डोंगरउतारांवर सप्टेंबरमध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या मागे जाणाऱ्याने मात्र तिन्ही अक्ष जुळवता येणारी साइटच घ्यावी.

पिन किती आणि किती जाड

एकाच सरकत्या पिनची साइट डोळ्याला स्वच्छ वाटते. पिन २५ यार्डांवर ठेवली तर वर सांगितलेल्या वेगाचा बाण वीसला इंचभर वर आणि तीसला सुमारे अडीच इंच खाली लागतो. हरणाचे मर्मस्थान साधारण आठ इंचांचे असल्याने हे चालून जाते. पण वीसची पिन चाळीसवर वापरली गेली तर बाण फूटभर खाली जातो, आणि सरकती पिन मागच्या अंतरावर तशीच राहून जाणे हा या साइटचा नेहमीचा अपघात आहे. घनदाट रानात हरीण चालत अंतर बदलते आणि दोरी खेचलेली असताना पिन सरकवण्याचे चाक फिरवता येत नाही. अशा ठिकाणी २०, ३०, ४० च्या तीन स्थिर पिना बऱ्या. पाच-सात पिनांच्या गर्दीत घाईच्या क्षणी चुकीची पिन निवडली जाते.

जाडीत ०.०१९ इंचाची पिन बहुतेकांना सोयीची पडते. चाळीस यार्डांवर ती इंचाहून कमी जागा झाकते. ०.०१० ची पिन दुपारी सुरेख दिसते आणि पहाटे दिसेनाशी होते. उलट भर उन्हात प्रकाश गोळा करणाऱ्या लांब फायबरची पिन इतकी चमकते की तिच्याभोवती तेजाचे कडे दिसते आणि नेम वर-खाली होतो; फायबरच्या काही भागावर काळी पट्टी गुंडाळली की हा त्रास थांबतो.

मचाणावरून बाण वर का जातात

मचाणावर चढले की बाण वर जातात ही तक्रार ऐकली की लोक लगेच अंतरमापकाला दोष देतात. वीस फूट उंचीवरून, झाडाच्या बुंध्यापासून वीस यार्डांवरच्या हरणाकडे पाहताना नजरेचे अंतर २१ यार्ड होते; या एका यार्डाने काही बिघडत नाही. खरा दोष असा की खाली नेम धरताना कमरेतून वाकण्याऐवजी केवळ धनुष्याचा हात खाली नेला जातो, त्यामुळे मान आणि हात यांचा कोन बदलतो, अँकर सुटतो आणि पीपमधून पाहण्याची रेषाच बदलते. आधी सरळ समोर दोरी खेचून अँकर बसवावा आणि मग कमरेतून वाकावे. हंगामातील जाड जाकीट, तोंडावरचा मुखवटा आणि हातमोजे घालून सराव करणे याच कारणासाठी आवश्यक आहे. ओठाच्या कोपऱ्याला टेकणारे किसर बटण उघड्या चेहऱ्यावर अँकरची चांगली साक्ष देते, पण मुखवट्याच्या कापडावरून त्याचा स्पर्श कळत नाही.

सरावाचे बाण बरोबर लागत असताना स्थिर पात्यांचे शिकारी बाण वेगळ्याच ठिकाणी लागत असतील तर साइटला हातही लावू नये. पात्यांना वारा धरतो आणि रेस्टची किंवा बाणाच्या ताठरपणाची चूक मोठी होऊन दिसते. शिकारी बाण ज्या दिशेला जायला हवेत त्या दिशेला रेस्ट इंचाच्या बत्तिसाव्या भागाने सरकवावे आणि दोन्ही प्रकारचे बाण एकत्र पडेपर्यंत पुन्हा तपासावे. ते एकत्र पडू लागले, पीपचे अंतर चिकटपट्टीवरील आकड्याशी जुळले आणि पाणसळ ओळंब्याशी पटली, म्हणजे मग पिनकडे वळावे: बाण जिकडे लागतो पिन तिकडे सरकवायची. हे बहुतेकांना पाठ असते. फक्त ते सर्वांत शेवटी करायचे असते.

पिनवर टाकायचा बॅटरीचा दिवा विकत घेण्याआधी आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाची त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहावी. आयडाहो, मोंटाना यांसारख्या पश्चिमेकडील राज्यांत धनुष्याला जोडलेल्या विजेच्या उपकरणांवर कडक निर्बंध आहेत, आणि पूर्वेकडच्या राज्यात चालणारी साइट तिकडे घेऊन जाणाऱ्याला निदान तिचा दिवा तरी काढून घरी ठेवावा लागतो.